नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा



४ मार्च १८८७. मुंबईच्या हायकोर्टात बावीस वर्षांच्या एका बाईला निकाल ऐकवला गेला. नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाही गेलीस तर सहा महिने तुरुंगात जा, असा तो निकाल. तिनं चोरी केली नव्हती, कुणाला मारलं नव्हतं. अकराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लावून दिलं, त्या माणसाच्या घरी ती गेली नव्हती, एवढाच तिचा गुन्हा. बाईचं नाव रखमाबाई. तिनं कोर्टाला कळवलं की मी तुरुंगात जाईन, पण त्या घरी जाणार नाही.

आपल्या गटांच्या बैठकीत सावित्रीबाई असतात, जिजाऊ असतात, अहिल्याबाई असतात. रखमाबाईंचा फोटो मी अजून एकाही ग्रामसंघाच्या खोलीत पाहिलेला नाही. म्हणून आज त्यांच्या खटल्याची गोष्ट सांगते. त्या खटल्यात नवरा-बायकोच्या भांडणाशिवाय आणखी बरंच होतं. न्हाण आलेल्या पोरीच्या शरीरावर हक्क कुणाचा, धर्म मोठा की डॉक्टरचं म्हणणं मोठं, आणि पोरीला कुणी विचारायचं की नाही, हे सगळं त्यात निघालं.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. आईचं नाव जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी ही लेक झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. तीन वर्षांत सगळा संसार उरकला. पण हे घर सुतार समाजातलं होतं आणि त्या समाजात विधवेला दुसरं लग्न करायची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. तेही विधुर होते. लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली इस्टेट लेकीच्या नावावर करून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पोरीच्या नावावर मालमत्ता असली की सासरची ओढ कशी वाढते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर होते. वनस्पतींचाही त्यांचा मोठा अभ्यास होता. घरात पुस्तकं होती, शिकल्या-सवरलेल्या माणसांची ये-जा होती. असं असूनही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. शिकलेलं घर म्हणजे बालविवाह होणार नाही, असं तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस-वीस, डॉक्टरांच्याच नात्यातला. बोली अशी होती की त्यानं घरजावई म्हणून राहावं, डॉक्टरांनी त्याला शिकवावं आणि मोठा माणूस करावं.

लग्नानंतर थोड्याच महिन्यांत रखमाबाईंना न्हाण आलं. आता तेव्हाचा रिवाज ऐका. पोरीला न्हाण आलं की ‘शहाणी झाली’ म्हणायचं, मखरात बसवायचं, ओटी भरायची आणि मुहूर्त बघून गर्भाधान संस्कार करायचा. म्हणजे पोरीला नवऱ्याच्या खोलीत पाठवायचं. पोरगी अकरा-बारा वर्षांची असली तरी. हा संस्कार चुकला तर पाप लागतं, असं शास्त्री सांगत.

डॉ. सखाराम अर्जुन यांनी इथे नकार दिला. डॉक्टर म्हणून त्यांना माहीत होतं की न्हाण येणं म्हणजे शरीर तयार होणं नव्हे. पाळी सुरू झाली तरी कंबरेचं हाड पुढं कितीतरी वर्षं वाढत असतं. त्या वयात गरोदर राहिली तर बाळ अडतं, रक्त जातं, झटके येतात, आई जाते नाहीतर बाळ जातं, आणि कधी दोघंही. सावत्र बाप म्हणून त्यांनी अकराव्या वर्षी लग्न होऊ दिलं, पण डॉक्टर म्हणून पुढची पायरी अडवली. मला त्यांचा हा अर्धा निर्णयसुद्धा मोठा वाटतो. जातभाईंच्या, सोयऱ्यांच्या तोंडावर ‘अजून नाही’ म्हणायला तेव्हा किती जणांची छाती झाली असती?

दादाजीला हे रुचलं नाही. शिक्षणात त्याचं मन लागलं नाही, तब्येत बिघडली, आणि घरजावई राहायचं सोडून तो मामाकडे राहायला गेला. रखमाबाई आईकडेच राहिल्या. शाळा सुटली होती, तरी मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून त्या घरी वाचत राहिल्या. इंग्रजी शिकल्या. असं करता करता आठ वर्षं गेली. मामाच्या घरातलं वातावरण बरं नाही हे त्यांच्या कानावर येत होतं. दादाजी कर्जात होता. त्यांनी मनात ठरवलं की या माणसाबरोबर आपल्याला संसार करायचा नाही.

१८८४ मध्ये दादाजीनं आधी वकिलाची नोटीस पाठवली, मग हायकोर्टात दावा लावला. दावा काय, तर बायको नांदायला पाठवा. रखमाबाईंच्या बाजूनं सांगितलं गेलं की याला बायकोला पोसायची ऐपत नाही, याची तब्येत ठीक नाही, आणि ज्या घरात हा राहतो तिथं आमची मुलगी सुरक्षित राहणार नाही. पण या सगळ्याच्या खाली खरी गोष्ट एकच होती. मी अकरा वर्षांची असताना जे झालं, त्याला माझी संमती नव्हती. हे म्हणणं कोर्टात मांडणारी हिंदू बाई लोकांनी तोवर पाहिली नव्हती.

पहिला निकाल २१ सप्टेंबर १८८५ ला आला. न्यायाधीश होते पिन्हे. त्यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की ही काही एकदा संसार केलेली आणि मग निघून आलेली बायको नव्हे. ही लहानपणी, काही कळत नसताना लग्न लावून दिलेली मुलगी आहे. तिला तिच्या इच्छेविरुद्ध त्या माणसाच्या हवाली करणं हा रानटीपणा होईल. त्यांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली. बायको नांदायला पाठवण्याचा असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच. तो इंग्लंडमधून, तिकडच्या चर्चच्या जुन्या कायद्यातून इकडे आलेला आहे.

बायांनो, इथे मला हसूही येतं आणि रागही येतो. या निकालावर ‘हिंदू धर्म बुडाला’ म्हणून ओरड झाली. पण ज्या दाव्यासाठी ही ओरड चालली होती, तो दावाच ख्रिस्ती चर्चकडून आलेला. त्यात पुन्हा असं, की नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात घालण्याची तरतूद खुद्द इंग्लंडनं १८८४ मध्ये रद्द केली होती. म्हणजे दादाजीनं इथे दावा लावला त्याच वर्षी. साहेबाच्या देशात जे संपलं, ते इथल्या दिवाणी कायद्यात चालूच राहिलं आणि त्याला आपल्याकडची माणसं धर्म म्हणू लागली.

रखमाबाई गप्प बसल्या नव्हत्या. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियामध्ये ‘एक हिंदू स्त्री’ अशा नावानं त्यांची पत्रं छापून आली. एक बालविवाहावर, एक विधवांच्या हालावर. लिहिणारी कोण, हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं. मुलाचं लग्न झालं तरी त्याची शाळा चालू राहते आणि मुलीचं लग्न झालं की तिची सगळी वाटच बंद होते, हा त्या पत्रांमधला सूर होता. आपल्या अंगावर काय गुदरलं ते बाईनं स्वतः लिहून छापायला देणं ही त्या काळात अजब गोष्ट होती. आणि याच वर्षी, एप्रिलमध्ये, त्यांच्या पाठीशी उभे असलेले डॉ. सखाराम अर्जुन वारले.

दादाजीनं अपील केलं. मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ मध्ये पिन्हे यांचा निकाल बाजूला ठेवला आणि खटला पुन्हा चालवायला सांगितलं. तो चालला न्यायमूर्ती फॅरन यांच्यापुढे, आणि तिथे तो निकाल आला, जो मी सुरुवातीला सांगितला.

सहा दिवसांचं अंतर ध्यानात घ्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. वय एकवीस. त्यांचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं, चौदाव्या वर्षी बाळंतपण, बाळ दहा दिवसांत गेलं आणि त्या दुःखातून त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांच्या जाण्यानं सगळा महाराष्ट्र हळहळला, अगदी सनातनीसुद्धा. आणि सहाच दिवसांनी रखमाबाईंवर हा निकाल आला, तेव्हा त्याच समाजातल्या अनेकांनी बरं झालं म्हटलं. आनंदीबाई नवऱ्याच्या आज्ञेनं शिकल्या होत्या. रखमाबाई नवऱ्याला नाही म्हणत होत्या. दोघींमध्ये लोकांनी फरक केला तो इथे, असं मला वाटतं.

लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी दादाजीची बाजू घेतली. दुसऱ्या बाजूला मलबारी होते. मलबारी म्हणजे मुंबईतले पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी. त्यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहून रान उठवलं होतं. रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती झाली, पैसे जमले. पंडिता रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकातून हा अन्याय अमेरिकेपर्यंत नेला. दादाजीनंही आपली बाजू छापून काढली. इस्टेटीवर डोळा ठेवून सासरच्यांनीच मुलीला अडवून धरलं, असा त्याचा आरोप होता, आणि उलट बाजू म्हणत होती की डोळा दादाजीच्या घरच्यांचाच आहे.

शेवट काय झाला? राणी व्हिक्टोरियानं लग्न मोडून दिलं, असं बरेच जण सांगतात. ऐकायला छान आहे, पण प्रकरण मिटलं ते तडजोडीनं. जुलै १८८८ मध्ये दादाजीनं दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. दादाजीनं दुसरं लग्न केलं. रखमाबाईंना मात्र दुसरं लग्न करता येत नव्हतं, कारण धर्माच्या हिशेबानं त्या अजून त्याच्याच बायको होत्या.

१८८९ मध्ये त्या जहाजानं इंग्लंडला गेल्या, डॉक्टर व्हायला. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना मोठी मदत केली.

त्या तिकडे शिकत होत्या तेव्हा इकडे कलकत्त्यात दुसरा खटला उभा राहिला. तो सांगताना जीव जड होतो, पण सांगितला पाहिजे. १८९० मध्ये फूलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी मेली. नवरा हरिमोहन मैती, वय तिशी-पस्तिशीचं. रात्री त्यानं तिच्याशी संबंध केला, रक्तस्राव थांबला नाही आणि लेकरू काही तासांत गेलं. खटला कलकत्ता हायकोर्टात न्यायमूर्ती विल्सन यांच्यापुढे चालला. मुलीच्या आईनं साक्ष दिली. डॉक्टरांनी साक्ष दिली की मृत्यू कशानं झाला.

आणि कायदा काय म्हणत होता? १८६० च्या दंड संहितेत लिहिलेलं होतं की बायको दहा वर्षांच्या वर असेल तर नवऱ्यानं केलेला संबंध बलात्कार नाही. फूलमणीनं दहा वर्षं ओलांडली होती. म्हणून बलात्काराचा आरोप टिकणारच नव्हता. निष्काळजीपणानं गंभीर इजा केली, एवढ्यावर त्याला एका वर्षाची सक्तमजुरी झाली. एका लेकराच्या जिवाची किंमत एक वर्ष.

या खटल्यानं एक मोठी गोष्ट घडवली. डॉक्टर बोलू लागले, आणि विशेषतः बाया डॉक्टर बोलू लागल्या. लखनौच्या डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकारानं पन्नासहून जास्त स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयला अर्ज दिला. त्यात त्यांनी स्वतः तपासलेल्या मुलींच्या नोंदी जोडल्या. कुणी मेलेली, कुणी जन्माची लंगडी झालेली. नावं नाहीत, फक्त वय आणि काय झालं ते. मुंबईत डॉ. पीची यांनी १८९० मध्ये जाहीर व्याख्यान देऊन हिंदू बापांना समोरासमोर सुनावलं. तोवर ही घरातली, पडद्यामागची गोष्ट होती. पेशंटची गोष्ट डॉक्टरनं बाहेर बोलू नये, हा वैद्यकीचा जुना नियम. पण सगळ्यांनीच गप्प राहायचं ठरवलं तर पुढची मुलगी वाचणार कशी? त्या बायांनी वाट काढली ती अशी, की नाव झाकायचं आणि जखम सांगायची.

जानेवारी १८९१ मध्ये सरकारनं कायद्याचा मसुदा आणला. दहाच्या जागी बारा वर्षं. बस्, दोनच वर्षं वाढवायची होती. पण पुण्यात काय गदारोळ! सभांवर सभा झाल्या. न्यायमूर्ती रानडे, आगरकर, तेलंग कायद्याच्या बाजूनं. डॉ. भांडारकरांनी जुने ग्रंथ उघडून दाखवलं की शास्त्र काही एवढी घाई करायला सांगत नाही. टिळक विरोधात. टिळकांचं म्हणणंही नीट समजून घ्यायला हवं. मुलींचं लवकर लग्न चांगलं असं ते म्हणत नव्हते. उलट सुधारकांनी स्वतःहून शपथ घ्यावी की मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही, असा ठराव त्यांनीच १८९० मध्ये पुढं केला होता. परक्या सरकारनं आपल्या घरात आणि धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा होता. स्वराज्याच्या हिशेबात तो मुद्दा मी समजू शकते. पण दहा वर्षांच्या पोरीनं स्वराज्य येईपर्यंत थांबायचं कसं, याचं उत्तर मला त्यांच्या म्हणण्यात सापडत नाही. १९ मार्च १८९१ ला कायदा झाला.

आता आपल्या परभणीचं काय? आपण तेव्हा इंग्रजांच्या राज्यात नव्हतोच. आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इंग्रजी मुलखातला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. पुढं १९२९ चा शारदा कायदा आला, मुलीचं लग्नाचं वय चौदा झालं, तोही तिकडचाच. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्यानंतर हळूहळू भारताचे कायदे इथे आले. आपल्या पणज्या, काही जणींच्या आज्या, पाळण्यात नाहीतर बापाच्या मांडीवर बसून लग्न लागलेल्या आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे. पुण्या-मुंबईत ज्यावर पन्नास वर्षं भांडणं झाली, ती भांडणं आपल्या गोदाकाठाला उशिरा ऐकू आली.

पण सगळा दोष निजामावर टाकून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २१ मध्ये झालं. वीस ते चोवीस वयाच्या बायांना विचारलं, लग्न अठराच्या आधी झालं का? महाराष्ट्रात शंभरातल्या बावीस जणी हो म्हणाल्या. परभणी जिल्ह्यात अठ्ठेचाळीस. राज्यात सगळ्यात वरचा आकडा आपला. म्हणजे आपल्या गटात त्या वयाच्या दहा जणी बसल्या असतील, तर त्यातल्या जवळजवळ पाच जणी.

आता कुणी गर्भाधानाचा मुहूर्त चुकेल म्हणून लग्न लावत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरीकडच्या बायांना कारण वेगळं सांगावं लागत नाही. उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. आणि पोरीचे आईबाप कारखान्याला सहा महिने जाणार, तर वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची? भीती खरी आहे. ‘मास्तर बदनामीची जबाबदारी घेतो का?’ असं एका आईनं मला विचारलं होतं. मग साखरपुड्यातच हळद लागते, पत्रिका नाही, मंडप नाही, पहाटे चार टाळकी जमून लग्न उरकतं. गावाला कळतं ते दुसऱ्या दिवशी.

आणि डॉक्टरांपुढचा तो जुना पेचही परत आला आहे, पण उलटा होऊन. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अठराच्या आतली मुलगी गरोदर म्हणून दवाखान्यात आली, की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलं तर तोच गुन्हेगार. कायदा मुलीला वाचवायला केलेला. पण होतं काय? सासू म्हणते, दवाखान्यात नेलं तर पोरगा जेलात जाईल. मग तीन महिने, पाच महिने पोरीची नोंदच होत नाही. गोळ्या नाहीत, सोनोग्राफी नाही, रक्त तपासलेलं नाही. आधारवरचं वय लपवायचं, लांबच्या शहरात न्यायचं, नाहीतर घरातच बाळंतपण करायचं. आमच्या भागात सोळा वर्षांची एक पोर अशीच सातव्या महिन्यात पांढरीफटक पडल्यावर दवाखान्यात आणली. ती वाचली, पण तिचं पहिलं वाक्य होतं, ‘माझ्यामुळं कुणाला धरणार नाहीत ना?’ डॉक्टरनं कळवायचं की नाही, यावर आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला आणि एकमत झालं नाही. सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एक दार थोडं उघडलं. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिनं व तिच्या पालकानं विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिचं नाव-पत्ता द्यायची गरज नाही. लखनौच्या डॉक्टर बायांनी सव्वाशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं, नाव झाकून जखम सांगितली होती. बाळंतपणासाठी येणाऱ्या पोरीचं काय, हा प्रश्न अजून तसाच आहे.

फूलमणीच्या खटल्यातलं ते कलम मात्र अखेर सरळ झालं. नवऱ्याला सूट देणारं वय १८९१ मध्ये बारा झालं, नंतर वाढत वाढत पंधरावर येऊन अडकलं. म्हणजे लग्नाचं वय अठरा, पण बायको पंधरा वर्षांची असली तर नवऱ्याला माफ. ११ ऑक्टोबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती लोकूर आणि गुप्ता यांनी ते अठरा केलं. आता नव्या भारतीय न्याय संहितेतही अठराच आहे.

रखमाबाईंना जे मिळालं नाही ते आजच्या मुलीला कायद्यानं मिळालं आहे, पण सांगतं कोण? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लहानपणी लग्न लावलेली मुलगी ते लग्न रद्द करून मागू शकते. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. अठरा पूर्ण झाल्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वीस पूर्ण होईपर्यंत मुदत असते. लग्न रद्द झालं तरी दुसरं लग्न होईपर्यंत तिला खर्चाचे पैसे मागता येतात, आणि मूल झालं असेल तर ते औरस धरलं जातं, त्याला कुणी नावं ठेवू शकत नाही. लग्न ठरतंय असं कळलं तर १०९८ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, आणि नाव सांगायची सक्ती नाही. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडीताई त्याची मदतनीस.

‘नांदायला या’ ही नोटीसही अजून येते. आपल्याकडे तिला ‘कलम नऊची नोटीस’ म्हणतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईच्या हातात ती पडली की घरात रडारड सुरू होते, आता पोलीस येऊन उचलून नेतील म्हणून. तसं होत नाही. नांदायला न गेलेल्या बाईला तुरुंगात टाकायची तरतूद १९२३ मध्येच काढून टाकली आहे. कोर्टानं हुकूम दिला तरी फार तर मालमत्तेवर टाच येऊ शकते. बाईला कुणी ओढून नेऊ शकत नाही. पण नोटीस आली की घाबरून पेटीत ठेवू नका. तारखेला हजर राहा आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, तो मागा. न गेलात तर एकतर्फी निकाल लागतो, आणि पुढं घटस्फोटाच्या वेळी तोच तुमच्याविरुद्ध वापरतात.

रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. नंतर राजकोटला गेल्या. पस्तीसेक वर्षं त्यांनी बायांची बाळंतपणं केली. लहान वयात आलेल्या किती पोरी त्यांच्या हाताखालून गेल्या असतील! पुढं त्या मुंबईला परतल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदाव्या वर्षी वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता आणि हिंदू बाईला पहिल्यांदा देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. म्हणजे तो कायदा झालेला बघूनच त्या गेल्या.

एक गोष्ट राहिली. दादाजी १९०४ मध्ये वारला. रखमाबाई त्याच्या घरी एक दिवसही नांदल्या नव्हत्या. त्याच्याविरुद्ध साडेतीन-चार वर्षं कोर्टात उभ्या राहिल्या, तुरुंगात जायला तयार झाल्या. तो गेल्याचं कळल्यावर मात्र त्यांनी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. विधवेसारखी. मी हे पालमकडच्या एका गटात सांगितलं तेव्हा बाया एकदम बोलायला लागल्या. एक म्हणाली, मग एवढं भांडून उपयोग काय झाला? दुसरी म्हणाली, अगं, दवाखान्यात येणाऱ्या बायांनी तिला आपली मानावी म्हणून नेसली असेल, लोकांत राहायचं तर लोकांसारखं दिसावं लागतं. कोपऱ्यातली एक म्हातारी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, तिला नेसायची होती म्हणून नेसली, आता तरी तिला कुणी विचारायचं नाही.